माप कोणाच्या समोर झालं? जळगाव जामोदमधून दूध सहकाराचा इतिहास वाचताना

"विदर्भातलं दूध" असा विषय काढला की समोरून ठरलेलं उत्तर येतं: "विदर्भात कुठलं आलंय दूध? तिकडे कापूस. दूध म्हणजे कोल्हापूर, सांगली, नगर." पुढे कोणीतरी जोड देतं, "त्या लोकांना सवयच नाही हो." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की शेवटी त्यालाच प्रश्न करून टाकलं. सवय नाही म्हणजे नक्की काय नाही? जनावर नाही, चारा नाही, बाजार नाही, की आणखी काही?

संशोधनाची तयारी करणाऱ्यांना मी नेहमी सांगते, की सगळ्यांना पाठ असलेलं उत्तर सापडलं की थांबायचं आणि त्याचे तुकडे करून एकेक तपासायचा. या लेखात तेच करायचं आहे. जागा आहे बुलडाणा जिल्ह्यातला जळगाव जामोद तालुका. खान्देशातलं जळगाव वेगळं. हे जळगाव सातपुड्याच्या पायथ्याशी, पूर्णेच्या खोऱ्यात, शेजारच्या जामोद गावाचं नाव जोडून ओळखलं जाणारं.

जनावर होतं, ढेपही होती

पहिला तुकडा जनावराचा. पूर्णेच्या काठची म्हैस ती पूर्णाथडी. थडी म्हणजे काठ. अकोला, बुलडाणा, अमरावती या पट्ट्यातली ही भुरकट रंगाची म्हैस. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने अलीकडे तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. म्हणजे कागदावर ती नवी आहे, गोठ्यात जुनीच. दूध मोजकं देते, पण त्या दुधाला फॅट भरपूर. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

दुसरा तुकडा चाऱ्याचा. हिरवा चारा इथे कमी, हे खरं. पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे, विहिरीचं पाणी पिकालाही चालत नाही अशी गावं आहेत. पण कापसाचा प्रदेश म्हणजे सरकीचा प्रदेश, आणि सरकीतून तेल काढल्यावर उरते ती ढेप. दुभत्या जनावराच्या खुराकात सरकी ढेपेचं स्थान काय, हे कुठल्याही गोठ्यात विचारा. वायदेबाजारात सरकी ढेपेचा सौदा होतो, त्याचं मूळ केंद्र अकोला आहे. म्हणजे ढेप इथून देशभर जाते, आणि पिशवीतलं दूध बाहेरून इथे येतं. "सवय नाही" म्हणणाऱ्यांनी या दोन वाहनांच्या दिशा एकदा शेजारी ठेवून बघाव्यात.

मग त्या म्हशीच्या दुधाचं व्हायचं काय? घरी लागेल तेवढं ठेवायचं, गावात रतीब घालायचा, चहाच्या हॉटेलला द्यायचं, आणि उरलेल्याचं विरजण लावून लोणी, लोण्याचं तूप. दूध उन्हाळ्यात चार-सहा तासांत नासतं, तूप महिनोन्‌महिने टिकतं. रस्ता आणि बर्फ नसलेल्या गावाने दुधाचं तूप करणं हा अडाणीपणा नव्हता, तो हिशेब होता. फक्त त्या हिशेबात भाव व्यापारी ठरवायचा, कारण तूप कधी विकायचं हे घरातल्या अडचणीवर ठरायचं.

अंतराचं कारण टिकत नाही

तिसरा तुकडा बाजाराचा. "मुंबई लांब पडते" हे नेहमीचं स्पष्टीकरण. आता नकाशा घ्या. रेल्वेने आणंद मुंबईपासून सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास, आणि जळगाव जामोदच्या जवळचं मुख्य मार्गावरचं मलकापूर स्टेशन पाचशेच्या आतबाहेर. फरक आहे, पण एका ठिकाणी दुधाची राजधानी व्हावी आणि दुसऱ्या ठिकाणी काहीच होऊ नये एवढा नाही.

खरा फरक सरहद्दीचा होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईला दूध कमी पडू लागलं, आणि 1945 मध्ये मुंबई सरकारने बाहेरून दूध आणण्याची योजना आखली. खेडा जिल्हा मुंबई प्रांतात होता. जळगाव जामोद मध्य प्रांत व वऱ्हाडात, राजधानी नागपूर. 1956 मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात. म्हणजे मुंबईची दूधव्यवस्था ज्या वर्षांत आकाराला आली, त्या वर्षांत हा तालुका त्या सरकारच्या कक्षेतच नव्हता.

इथे कागद शोधणाऱ्यांसाठी एक सूचना. जळगाव तालुका आधी अकोला जिल्ह्यात होता, 1905 च्या फेररचनेत तो बुलडाण्याला जोडला गेला. त्याआधीची माहिती बुलडाण्याच्या कागदांत शोधत बसलात तर "काही नोंदच नाही" असा चुकीचा निष्कर्ष काढाल. नोंद असते, आपण चुकीच्या कपाटापुढे उभे असतो.

खेड्यात नक्की काय घडलं

आणंदची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, पण तिचा एक भाग सहसा निसटतो. मुंबई योजनेचं दूध गोळा करण्याचं काम पोल्सन या खासगी डेअरीकडे गेलं. शेतकऱ्यांची तक्रार होती की मुंबईत मिळणाऱ्या भावातला वाटा त्यांच्यापर्यंत येत नाही. सरदार पटेलांनी सल्ला दिला की आपला संघ काढा. मोरारजी देसाई गेले, 4 जानेवारी 1946 ला सामरखा गावात सभा झाली, सरकारने मागणी नाकारल्यावर सुमारे पंधरा दिवस मुंबईला दूध गेलं नाही. 14 डिसेंबर 1946 ला खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ नोंदला गेला. अध्यक्ष त्रिभुवनदास पटेल. प्रत्यक्ष काम 1948 मध्ये सुरू झालं तेव्हा दूध होतं दिवसाला अडीचशे लिटरच्या आसपास. वर्गीस कुरियन 1949 मध्ये आले, म्हणजे संघ निघाल्यानंतर. नायकाला पहिल्या पानावर बसवण्याची घाई इतिहासात फार होते, म्हणून तारखा क्रमाने लावणं महत्त्वाचं.

निसटणारा भाग असा. संघाने भाव वाढवला हे खरं, पण छोट्या उत्पादकाच्या दृष्टीने दोन गोष्टी त्याहून मोठ्या होत्या. एक, दुधाचं माप त्याच्या गावात, त्याच्या समोर होऊ लागलं. दोन, जेवढं आणेल तेवढं दूध घेतलं जाऊ लागलं. दोन्ही नीट समजून घेऊ.

मापाचं रसायन

माझं शिक्षण रसायनशास्त्रातलं, त्यामुळे इथे थोडी रमते. समजा दूध फक्त लिटरवर विकत घेतलं. मग पाणी घालणारा फायद्यात, न घालणारा तोट्यात. प्रामाणिकपणाला दंड बसवणारी पद्धत जास्त दिवस टिकत नाही, सगळेच पाणी घालू लागतात. उपाय म्हणून लॅक्टोमीटर आला. दूध पाण्यापेक्षा जड, त्यामुळे पाणी घातलं की घनता उतरते, "डिग्री" कमी येते. पण लॅक्टोमीटरला फसवता येतं. साय काढून घ्या. साय हलकी असते, ती काढली की उरलेलं दूध जड होतं. मग बेताने पाणी घाला, डिग्री पुन्हा जागेवर. साय घरात, पाणी कॅनमध्ये, आणि लॅक्टोमीटर म्हणतो सगळं ठीक.

म्हणून फॅट थेट मोजणं गरजेचं होतं. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये स्टीफन बॅबकॉक यांनी 1890 मध्ये अशी चाचणी जाहीर केली आणि तिचं पेटंट घेतलं नाही. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये निकोलस गर्बर यांनी आपली पद्धत काढली. गावोगावच्या डेअरीत पुढे रुळली ती हीच. ब्युटिरोमीटर नावाच्या काचेच्या नळीत 10 मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल, 10.75 मिली दूध, 1 मिली अमाइल अल्कोहोल. आम्ल प्रथिनं विरघळवतं, मोकळी झालेली चरबी मशीनमध्ये फिरवल्यावर वर येते आणि नळीच्या आखलेल्या मानेत दिसते. वाचायला शाळा शिकलेली असण्याची फार गरज नाही, आकडे आणि रेघा ओळखता आल्या की पुरे.

आता ही नळी कुठे ठेवली आहे, हा इतिहासाचा प्रश्न. ती शहरातल्या डेअरीत असेल तर शेतकऱ्याला फक्त आकडा कळतो: "तुझ्या दुधाला फॅट कमी लागली." ती गावच्या संस्थेत असेल, टेस्टर गावातलाच असेल, रांगेत मागे शेजारी उभे असतील, तर भांडता येतं. नमुना पुन्हा लावा म्हणता येतं. आणि सचिवाने सतत गडबड केली तर वार्षिक सभेत त्याला जाब विचारता येतो, कारण संस्थेत एका सभासदाला एक मत, मग दारात एक म्हैस असो की दहा. माझ्या मते छोट्या उत्पादकाला सहकाराचा मुख्य आधार हा आहे. भाव वर-खाली होतो, पण तपासता येणारं माप आणि जाब विचारण्याचा हक्क नसेल तर चांगला भावही हातात येईपर्यंत झिजतो.

गावातल्या डेअरीत टेस्टर नेहमी प्रामाणिक असतो असं मी म्हणत नाही. गावातले बडे लोक संस्था ताब्यात घेतात, एकाच घरातले लोक आलटून पालटून पदावर बसतात, हेही तितकंच खरं. मुद्दा एवढाच की तिथे गडबड झाली तर बघणारे डोळे जवळ असतात.

रोजचं दूध, दहा दिवसांचं बिल

दुसरी गोष्ट, सगळं दूध घेण्याची. म्हैस कॅलेंडर बघून दूध देत नाही. हिवाळ्यात दूध वाढतं, त्याला दुग्धव्यवसायात पुष्टकाळ म्हणतात. उन्हाळ्यात आटतं, तो कृशकाळ. व्यापारी कृशकाळात दारात येतो आणि पुष्टकाळात "आज गाडी भरली" म्हणतो. खेडा संघालाही हाच प्रश्न पडला. हिवाळ्यातलं वाढीव दूध मुंबई पूर्ण उचलेना. उत्तर होतं भुकटी, पण म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही असा तेव्हाच्या परदेशी तज्ज्ञांचा समज होता. एच. एम. दलाया यांनी ते करून दाखवलं आणि 31 ऑक्टोबर 1955 ला आणंदच्या भुकटी प्रकल्पाचं उद्घाटन नेहरूंच्या हस्ते झालं. एका यंत्रामुळे गावातल्या बाईला "आज दूध परत न्या" हे ऐकावं लागलं नाही. तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना यंत्राची क्षमता लिहितोच, पण त्या यंत्रामुळे कोणाचं दूध परत गेलं नाही, हेही लिहायला हवं.

जळगाव जामोदसारख्या तालुक्यात याचं महत्त्व कापसाशेजारी ठेवलं की कळतं. कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो, तोही पाऊस, बोंडअळी आणि भाव यांच्यातून वाचला तर. महाराष्ट्राने 1972 पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना चालवली, तिथेही पैसे हप्त्यांनी मिळत. दुधाचं बिल सहसा दहा दिवसांनी होतं. रक्कम छोटी, पण येणार हे नक्की. किराणा, शाळेची फी, दवाखाना, फवारणीचं औषध यांसाठी सावकाराकडे किंवा कृषी केंद्राच्या उधारीवर जावं लागतं की नाही, हे या छोट्या रकमेवर ठरतं. शिवाय बिलातून ढेप आणि पशुखाद्य कापून घेण्याची सोय, कृत्रिम रेतन, डॉक्टरची फेरी, आणि चांगल्या चाललेल्या संघात दिवाळीच्या तोंडावर फरक बिल. कोल्हापूरकडे या फरक बिलावर घरोघरी दिवाळीचा बाजार होतो.

मग विदर्भात का नाही?

पश्चिम महाराष्ट्रात पुण्या-कोल्हापूरचे संघ 1960 च्या दशकात उभे राहिले. गोकुळ या नावाने ओळखला जाणारा कोल्हापूर जिल्हा संघ 1963 चा. राज्याचा महासंघ 1967 चा, ज्याचा ब्रँड पुढे महानंद झाला. 1970 मध्ये दुधाचा महापूर योजना, म्हणजे ऑपरेशन फ्लड सुरू झालं आणि 1996 पर्यंत तीन टप्प्यांत चाललं.

पश्चिम महाराष्ट्राच्या यशाचं कारण म्हणून पाणी आणि ऊस सांगितला जातो. त्यात तथ्य आहे. उसाचं वाढं हा चारा आहे, आणि साखर कारखान्यांनी भांडवल आणि नेतृत्व तयार केलं होतं. वारणेला आधी साखर आली, मग दूध. पण हे कारणही एकटं पुरत नाही. गुजरातचे मेहसाणा आणि बनासकांठा कोरडेच जिल्हे आहेत, आणि त्यांचे संघ देशातल्या मोठ्या संघांत मोडतात. म्हणजे पाणी कमी म्हणून सहकार झाला नाही, हे विधान तपासणीत पडतं. एखादं कारण मान्य करण्याआधी त्याला उलटं उदाहरण शोधा, ही सवय लावून घ्या.

माझं आजचं म्हणणं असं. महाराष्ट्रात दूध खरेदीचा मोठा भाग सरकारने स्वतःच्या योजनांतून चालवला. जिथे संघ आधीच मजबूत होते तिथे ते सरकारच्या आधाराने वाढले आणि पुढे स्वतःच्या पायावर उभे राहिले. विदर्भात शेतकरी बहुतेक ठिकाणी विकणारा राहिला, मालक झाला नाही. सरकारी योजना थकल्या तेव्हा मागे उभं राहायला स्वतःचा संघ नव्हता. त्यात जनावरांच्या दवाखान्यांची उणीव. प्रादेशिक असमतोल मोजण्यासाठी 1983 मध्ये वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिने रस्ते आणि सिंचनाबरोबर पशुवैद्यकीय सेवेचाही अनुशेष मोजला होता. अनुशेष हा शब्द भाषणांत ऐकून गुळगुळीत झालाय. गोठ्यात त्याचा अर्थ होतो, अडलेली म्हैस आणि लांबचा डॉक्टर.

महापूर योजनेवर टीकाही झाली, आणि ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. क्लॉड अल्वारिस यांचा 1983 चा लेख आणि शांती जॉर्ज यांचं 1985 चं पुस्तक, दोन्हींनी विचारलं की युरोपातून देणगी आलेली भुकटी आणि बटर ऑइल यांच्यावर उभी राहिलेली योजना खेड्याची की शहरी ग्राहकाची? सरकारने नेमलेल्या झा समितीने 1984 मध्ये मूल्यमापन दिलं. गौरव करणाऱ्यांनी आणि टीका करणाऱ्यांनी एकच आकडा कसा वेगळा वाचला, हे बघणं हाच मोठा अभ्यास आहे.

आज, आणि पुन्हा ती म्हैस

गेल्या दशकात विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्प आला. राज्य सरकार, राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ आणि मदर डेअरी मिळून. पहिल्या टप्प्यातल्या 11 जिल्ह्यांत बुलडाणा आहे. गावात संकलन केंद्र, यंत्रावर फॅट, पैसे थेट बँक खात्यात. माप आणि बिल, दोन्ही बाबतीत ही मोठी सुधारणा आहे. पण खरेदी केंद्र आणि सहकारी संस्था एक नव्हे. केंद्रात दूध घालणाऱ्याला पावती मिळते, संस्थेत पावतीबरोबर मतही मिळतं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 खाली किमान दहा जण मिळून संस्था नोंदवता येते. ती नोंदवली जाते का, आणि नोंदली तर जगते का, हे या पुढच्या वर्षांत बघायचं आहे.

आता पूर्णाथडी. समजा एका घरी तिचं चार लिटर दूध निघालं, फॅट 8. दुसऱ्या घरी संकरित गाईचं आठ लिटर, फॅट 4. लिटरवर भाव दिला तर दुसऱ्याला दुप्पट पैसे. फक्त फॅटवर दिला तर दोघांना सारखे, कारण चरबी दोन्हीकडे सारखीच. फॅट आणि एसएनएफ, म्हणजे चरबी सोडून उरलेले घनपदार्थ, दोन्हींवर दिला तर गाय पुन्हा पुढे. जनावर तेच, मेहनत तीच, सूत्र बदललं की गोठ्यात कोण राहणार ते बदलतं. महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा भाव 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ या प्रमाणावर बोलला जातो, हे आकडे बातम्यांत रोज येतात. प्रत्येक सूत्र कोणाची तरी बाजू घेतं. म्हणून ते ठरवताना टेबलाच्या कोणत्या बाजूला उत्पादक बसलाय, हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटत नाही.

तुमच्यापैकी कोणाला या विषयावर काम करायचं असेल, तर मोठ्या अहवालांआधी गावातली दूधवही मागा. तारीख, सकाळ-संध्याकाळ, लिटर, फॅट, डिग्री, रक्कम, कपात. एका घराची तीन वर्षांची वही मिळाली तरी पुष्कळ दिसतं: म्हैस कधी आटली, ढेप किती उचलली, लग्नाच्या महिन्यात दूध घरात किती राहिलं, दुष्काळात नोंद कोणत्या तारखेला थांबली. आणि वहीवरचं नाव वाचून थांबू नका. नाव बहुतेक वेळा घरातल्या पुरुषाचं असतं. धार कोण काढतं, शेण कोण उचलतं, बिलाचे पैसे कोणाच्या हातात येतात, हे वही सांगत नाही. ते विचारण्यासाठी पहाटे पाचला गोठ्यात जावं लागतं, आणि जाताना सांगून जावं, कारण नवख्या माणसाला बघून म्हैस पान्हा चोरते.